इंदुकाकूंच्या कढणाबद्दल खरं सांगायचं तर

मिलिंद, सूनबाई, आणि आपल्या स्नेहदीप सोसायटीतली सगळी मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. सुभानपुऱ्यात माणूस लग्नाला पुढच्या रांगेसाठी भांडतो आणि शोकसभेला दाराशी उभा राहतो. काकू असत्या तर एकेकाचा हात धरून बसवलं असतं. बसा.

मला आज बोलायला अवघड जातंय. एक कारण तुम्हाला समोरच दिसतंय. ज्या बाईचा आवाज खालपासून गच्चीपर्यंत पोचायचा ती फोटोत हार घालून गप्प बसलीय, आणि माईक माझ्या हातात आहे. हे उलटं झालंय.

दुसरं कारण असं, की माझ्याआधी जे जे बोलले ते सगळे थोडं थोडं खोटं बोलले.

थांबा, रागावू नका. काकू प्रेमळ होत्या, खरं आहे. कुणाचं दुखलंखुपलं की सगळ्यात आधी हजर, तेही खरं. पण आपले खजिनदार म्हणाले, इंदुकाकू म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. दक्षाबेन म्हणाल्या, मासीना हाथमां स्वाद हतो. दक्षाबेन, तुम्ही? तुम्ही तरी असं म्हणायला नको होतं. तुमचं नाक विसरलं असेल, आम्ही विसरलो नाही.

मिलिंदनेही काल फोन केला. म्हणाला, शरदकाका, आईच्या हातच्या चवीबद्दल दोन शब्द बोला. मी म्हटलं, बोलतो, पण बाबा रे, खरं बोलेन. कारण आपल्या सोसायटीत एक नियम आहे. इंदुकाकूंच्या कढणाबद्दल खोटं बोलायचं नाही. हा नियम काकूंनीच केला आणि तो अजून कुणी रद्द केलेला नाही. मी सेक्रेटरी आहे, मला विचारा.

तर खरं सांगायचं तर, इंदुकाकूंना स्वयंपाक येत नव्हता.

हसताय ना? हसा. मिलिंदसुद्धा हसतोय, बघा. त्याला लहानपणापासून माहीत आहे.

मी त्यांचा शेजारी. शेजारी म्हणजे भिंत एकच. फोडणी तिकडे, ठसका इकडे. काकूंचे यजमान भाऊकाका रेल्वेत होते, बदल्या संपवून बडोद्याला आले आणि इथेच राहिले. काकूंची माहेरची एक सवय होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही. मग घरातल्यांनी खायचं, मग शेजाऱ्यांनी, आणि शेवटी आपण. म्हणजे स्वयंपाक कसा झालाय हे सगळ्या जगाला कळल्यावर काकूंना कळायचं. तोपर्यंत जग पसार झालेलं असायचं. मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने. आणि मेथी जळून काळी झाली की स्वतः चवीने खाऊन म्हणायच्या, खमंग झालीय.

बरं, करायच्या ते स्वतःपुरतं नाही. अख्ख्या विंगला पुरेल एवढं. आणि आपण बडोद्याची माणसं पडलो गोड. डाळीत गूळ, बोलण्यात गूळ. वाटी घ्यायची आणि म्हणायचं, बहु सरस, मासी. मग ती वाटी फाटकाशी येणाऱ्या गाईला. पुढे पुढे त्या गाईनेही रस्ता बदलला.

असं सगळं सुखात चाललेलं होतं. मग कोरोना आला.

तुम्हाला आठवत असेल, कॉर्पोरेशनच्या आरोग्य केंद्रातून भावनाबेन रोज यायच्या. आज आल्यात त्या, मागे खांबाजवळ बसल्यात. कपाळावर धरायची ती बंदूक, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, आणि तीन प्रश्न. ताव छे? शरदी छे? खांसी छे? आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर. कंई नथी, बेन. आत कुणीतरी फुप्फुस बाहेर येईल असं खोकतंय, आणि दारात उभा असलेला माणूस टीव्हीचा आवाज वाढवतोय.

का? त्या कागदामुळे. घरात पेशंट निघाला की दारावर कागद चिकटायचा. कामवाली येईना, दूधवाला पिशवी जिन्यात ठेवून पळे, समोरच्या घरातला माणूस आपल्याला बघून दार लावून घेई. तापाची भीती नव्हती एवढी त्या कागदाची भीती होती. म्हणून लोक ताप लपवायचे. लपवायचे, लपवायचे, आणि एक दिवस ॲम्ब्युलन्स यायची. बी विंगचे रमणिककाका असेच गेले. ताप आलाय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांच्याबद्दल आपण अशी सभासुद्धा घेऊ शकलो नाही.

काकूंनी तेव्हा एक काम सुरू केलं होतं. रोज सकाळी अख्ख्या विंगला कुळथाचं कढण. गुजराती मंडळींसाठी सांगतो, कुळीथ म्हणजे कळथी. ते शिजवायचं, वरचं पाणी काढायचं, त्याला फोडणी द्यायची. आजाऱ्याला देतात. नीट केलं तर सुरेख लागतं. नीट केलं तर, म्हणतोय मी.

प्रत्येक दाराबाहेर स्टूल, स्टुलावर ज्याची त्याची वाटी. काकू मास्क बांधून लांबूनच पळीने ओतायच्या, आणि पातेलं धरायला सेक्रेटरी. लोक वाटी आत घ्यायचे, दार लावायचे, आणि आम्ही पुढच्या दाराशी पोचेपर्यंत मागून बेसिनमध्ये ओतल्याचा आवाज यायचा. काकूंना वाटायचं, बघ, पिऊन वाटी धुतलीसुद्धा.

एक दिवस भावनाबेन दमून जिन्यात बसल्या होत्या. काकूंनी त्यांनाही वाटी दिली. आता ही बाई बघा. सगळं शहर घरात बसलेलं असताना दारोदार फिरणारी. कशाला न घाबरणारी. तिने मास्क खाली केला, एक घोट घेतला, आणि तिचे दोन्ही डोळे मिटले ते उघडेचनात. मग म्हणाली, मासी, आमां शुं नाख्युं छे? ह्यात घातलंय तरी काय? आणि मग हसायला लागली. म्हणाली, मासी, जेनो स्वाद गयो होय ने, ए ज आ पी शके. ज्याची चव गेली असेल तोच हे पिऊ शकेल.

ती गंमतीत बोलली. मीही हसलो. काकू हसल्या नाहीत.

भावनाबेन गेल्यावर मला म्हणाल्या, “शरद, कढण वाईट असतं?”

मी म्हटलं, “काकू, तसं अगदी...”

“खरं सांग.”

“वाईट असतं.”

“नेहमीच?”

“दिवाळीचा चिवडा जरा बरा असतो.”

त्या म्हणाल्या, “ह्यांना मी रोज विचारायची, कसं झालंय. जन्मभर म्हणाले, छान.”

मी म्हटलं, “काकू, भाऊकाका रेल्वेच्या कँटीनमध्ये जेवलेला माणूस. त्यांना खरंच छान लागत असणार.” त्यांनी पातेलं उचललं आणि घरात गेल्या. दार लावून घेतलं. आमची सुलभा मला म्हणाली, तुम्हाला खोटं बोलता येत नाही का हो एक दिवस? त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. भिंतीपलीकडून फोडणीचा आवाज आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी कडी वाजली. दारात काकू, हातात पातेलं. “चल.”

मी म्हटलं, “काकू, आज राहू दे.”

तर म्हणाल्या, “का? भावना म्हणाली ते खरं आहे ना? चव गेलेल्या माणसाला हे वाईट लागणार नाही ना? मग बरंच झालं की माझं कढण वाईट आहे. चांगलं असतं तर कुणाच्या उपयोगाचं होतं?”

आणि तिथे नियम झाला. वाटी आत न्यायची नाही. दारात उभं राहायचं, आमच्यासमोर एक घोट घ्यायचा आणि खरं सांगायचं. वाईट म्हणालात तर पुढचं दार. छान म्हणालात तर भावनाबेन.

पहिल्या दिवशी दक्षाबेनचा विश्वास बसला नाही. सवयीप्रमाणे म्हणाल्या, बहु सरस, मासी. दुपारपर्यंत त्यांच्या घरातल्या एकूणएक माणसाच्या नाकात काडी गेली. म्हाताऱ्या सासऱ्यांच्यासुद्धा. सगळे ठणठणीत निघाले. पण त्या दिवसापासून आपल्या विंगमध्ये शिष्टाचार बंद झाला.

काय एकेक बोलायचे लोक. कोणी म्हणे, कडवुं झेर. कोणी म्हणे, पोतं धुतलेलं पाणी. आपले प्रोफेसरसाहेब म्हणाले, काकू, हे कढण नाही, प्रायश्चित्त आहे. आणि काकू? दर दारात मान डोलवायच्या. “वाईट? देव पावला. चल शरद, पुढे.” विचार करा मंडळी. जिने जन्मभर ‘छान’ ऐकलं, ती बाई रोज सकाळी दारोदार स्वतःची निंदा ऐकायला जात होती. आणि निंदा ऐकली की तिचा जीव भांड्यात पडत होता.

दोघंतिघं खरोखर सापडले असे. लवकर सापडले, घरच्या घरी बरे झाले. त्यांच्या दारावर कागद लागला, तर काकूंनी त्या दारापुढे रांगोळी काढली. म्हणाल्या, कागद लागलाय, सुतक नाही. भावनाबेन मात्र दर वेळी बजावायच्या, मासी, ह्याच्यावर विसंबू नका, ताप मोजायचाच. काकू म्हणायच्या, तू मोज, मी चाखवते.

आता हसमुखभाई. पहिल्याच रांगेत बसलेत. घडियाळी पोळमध्ये ह्यांचं फरसाणचं दुकान. जीभ अशी, की शेवेचा दाणा तोंडात टाकून सांगतील बेसन कालचं की परवाचं. आणि नियम व्हायच्या आधीही काकूंना तोंडावर खरं सांगणारा विंगमधला हा एकमेव माणूस. बेन, तमे रसोई रहेवा दो. स्वयंपाक राहू द्या म्हणे. त्यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. काकू मराठीत भांडायच्या, हे गुजरातीत, आणि भांडण अगदी व्यवस्थित व्हायचं. नियम झाल्यावर तर ह्यांचं राज्यच आलं. रोज एक घोट आणि तीन दोष. मेथी बळी गई छे. लसण काचुं छे. मीठुं बे वार नाख्युं छे. मेथी जळलेली, लसूण कच्चा, मीठ दोनदा. आणि रोज बरोबर.

मग दुसरी लाट आली. ते दिवस मी सांगत नाही, तुम्हाला आठवतात. हसमुखभाईंच्या मुलीचं, ख्यातीचं लग्न एकदा पुढे ढकललं होतं, ते आता चार दिवसांवर आलेलं. मोजकी माणसं, आपल्याच ह्या हॉलमध्ये. आणि दारावर कागद लागला असता तर लग्न पुन्हा गेलं असतं.

त्याच सुमारास काकूंनी लस घेतली. दुसऱ्या दिवशी दंड सुजला, अंगात कणकण. सुलभाला हाक मारून म्हणाल्या, कुळीथ शिजलेत, फोडणी तेवढी दे. माझ्या पद्धतीने दे हो, मेथी चांगली काळी होऊ दे. सुलभा हो म्हणाली. पण तिचा हात धजेना. तिने मेथी घातलीच नाही. लसूणही नाही. तूप-जिऱ्याची फोडणी, आमसूल, कोथिंबीर, गुळाचा एवढासा खडा. आणि हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही.

काकू उठल्या. हात ओढणीने गळ्यात बांधलेला. आम्ही निघालो.

पहिलं दार दक्षाबेनचं. त्यांनी घोट घेतला. दुसरा घोट घेतला. मग घाबरत घाबरत म्हणाल्या, “मासी, आ तो सारुं छे.” चांगलं आहे म्हणे.

काकूंची पळी हवेतच राहिली. “दक्षा, खरं बोल.”

“साचुं कहुं छुं, मासी,” म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. आपली चव गेली असं त्यांनाच वाटलं.

दुसरं दार. छान आहे. तिसरं दार. छान आहे, अजून थोडं द्या. प्रोफेसरसाहेबांनी वाटी संपवली, स्टुलावर ठेवली, आणि शांतपणे म्हणाले, काकू, भावनाबेनना फोन करा, मी तयार आहे.

काकू जिन्यातच बसल्या. म्हणाल्या, “शरद, अख्खी विंग गेली रे.”

मी म्हटलं, असं कसं होईल. पळीभर घेऊन स्वतः प्यायलो. छान लागलं. मग मीही काकूंच्या खालच्या पायरीवर बसलो. मला माझी मुलं आठवली, विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते आठवलं.

तेवढ्यात वरचं दार उघडलं. हसमुखभाई. एवढ्या उन्हाळ्यात अंगावर शाल. त्यांनी वाटी उचलली, घटाघटा प्यायले, आणि म्हणाले, मेथी बळी गई छे. लसण काचुं छे. मीठुं बे वार नाख्युं छे. आणि दार लावून घेतलं.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, काकू, हसमुखभाई तरी शाबूत आहेत. काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, चला, एक तरी वाचला.

आणि खालून सुलभा आली. पदराशी चाळा करत म्हणाली, “काकू, रागावू नका. आज मी मेथी घातलीच नव्हती. लसूणही नव्हता.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी वरच्या बंद दाराकडे बघितलं. सगळी विंग ठणठणीत होती. आजारी होता तो एकच माणूस होता.

काकू एका हाताने कठडा धरत वर गेल्या. दार वाजवलं. आतून आवाज, मने कंई नथी. काकू म्हणाल्या, “हसमुखभाई, मेथी नव्हती.” कडी पुन्हा वाजवली. “लसूण नव्हता. मीठ एकदाच घातलं होतं. सुलभाने केलं होतं.”

दार उघडलं. ह्यांचा चेहरा घामाने भिजलेला. हात जोडून म्हणाले, बेन, शुक्रवारे ख्यातीनां लग्न छे. कागळ न लगाडता.

काकू म्हणाल्या, “लग्न पुढे ढकलता येईल, हसमुखभाई. मुलीला बाप कुठून आणायचा?”

हसमुखभाई, तुम्ही दोघं उभ्या जन्मात पहिल्यांदा भांडला नाहीत, तो हा क्षण. भावनाबेन आल्या, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला आणि तो हसमुखभाईंना दिसू नये म्हणून हात वळवून धरला. मग ही बाई तासभर फोनवर होती. संध्याकाळच्या आत खाट मिळाली. डॉक्टर नंतर आम्हाला म्हणाले, उद्या आणलं असतंत तर मी काही करू शकलो नसतो. त्या सगळ्या दिवसांत काकू कढण करायच्या, वाटायच्या, आणि वरच्या दाराबाहेरच्या रिकाम्या स्टुलावर रोज एक वाटी ठेवून यायच्या.

हसमुखभाई परत आले. निम्मे झाले होते. पहिल्या सकाळी काकू पातेलं घेऊन त्यांच्या दारात. सगळी विंग कठड्याला टेकून बघतेय. ह्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. म्हणाले, बेन, आ तो ढोर पण न पीए.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. “वाईट लागलं? खरंच वाईट लागलं?”

“बहु खराब.”

मी पुष्कळ लोकांना कौतुकाने रडताना बघितलंय. असं रडताना कुणाला बघितलेलं नाही. ख्यातीचं लग्न मग इथेच झालं. जेवण हसमुखभाईंच्या दुकानाचं, आणि कोपऱ्यात मानाचं एक पातेलं. त्याला कुणी हात लावला नाही, पण ते होतं.

पुढे कोरोना गेला. कागद गेले, स्टुलं घरात गेली. काकू मात्र सकाळी पातेलं घेऊन यायच्या. आपण म्हणायचं, वाईट झालंय. त्या म्हणायच्या, देव पावला. इतकी वर्षं. गेल्या आठवड्यात दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. भाऊकाकांना वर गाठून आता विचारत असतील, खरं सांगा, कसं झालं होतं. त्यांचं काही खरं नाही.

एक शेवटचं. आज बाहेर मांडवात कढण ठेवलंय. हसमुखभाईंनी स्वतः केलंय. पहाटे दुकानात जाऊन, काकूंच्या पद्धतीने. मेथी मुद्दाम जाळली. लसूण कच्चा ठेवला. मीठ दोनदा घातलं. मघाशी मला मागे बोलावलं आणि वाटी दिली. मी प्यायलो. ते प्यायले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले. म्हणाले, शरदभाई, शुं करुं, सारुं थई गयुं.

जन्मभर चांगलं करणारा हात. त्याला ते जमलं नाही. ते कुणालाच जमणार नाही.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मग बाहेर जाऊन एकेक वाटी घ्यायची, आणि नियमाप्रमाणे खरं बोलायचं.

काकू, आज सगळी सोसायटी कढण पिऊन म्हणणार आहे, छान झालंय. एकूणएक सगळे. घाबरून जिन्यात बसू नका. भावनाबेनना फोन करायला नको. आम्हाला काय झालंय, ते आम्हाला माहीत आहे.